मधला तुकडा

बिल्डर लोकांना पाणी कुठून आणायचं याची काळजी जमीन घ्यायच्या आधीपासून असते. ते वापरून झाल्यावर जातं कुठे, हा प्रश्न मात्र त्यांना माझ्यासमोर बसल्यावरच पडतो. जलविभागात नव्या इमारतींच्या टेबलावर मी बसते आणि येईल त्याला एकच गोष्ट उगाळून सांगते: आधी सांडपाण्याची वाट दाखवा, मग नळ मागा. लोक मला खडूस म्हणतात. पाठीमागे आणखी काय काय म्हणतात तेही कानावर येतं, आणि त्यातलं मी काही मनावर घेत नाही.

टेकाडावरच्या तीन इमारतींचं प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा नकाशा पाहूनच मी सावध झाले. टेकाडाच्या पायथ्याशी एक जुनी गल्ली आहे आणि तिच्यातलं शेवटचं, सगळ्यात खालच्या अंगाचं घर माझ्या आईचं. मी आणि दादा त्याच घरात लहानाचे मोठे झालो. गल्लीखालून जाणारी गटाराची लाइन सहा इंची, आमच्या जन्माच्याही आधीची. गल्लीतल्या घरांचंच ओझं ती कसंबसं रेटते. तिच्यात तीन उंच इमारतींचं सांडपाणी सोडलं तर ते पुढे सरकायचं नाही, मागे फिरेल, आणि सगळ्यात खालच्या घरात वर येईल. म्हणजे आईच्या मोरीत.

म्हणून मी अट घातली. गल्लीच्या लाइनला हात लावायचा नाही. टेकाडापासून हमरस्त्यापर्यंत बिल्डरने स्वतः नवी मोठी लाइन टाकायची, हमरस्त्याखालच्या मुख्य गटाराला जोडायची आणि ती वाहते हे मला दाखवायचं. तोवर नळजोडणी नाही.

"मॅडम, मध्ये खडक आहे हो," बिल्डर म्हणाला.

"तो मी नाही ठेवला," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात कळलं की पाइप टाकायचं काम त्याने दादाला दिलंय. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, अशीच कंत्राटं घेणारा. मी तशीच उठून साहेबांकडे गेले आणि म्हटलं, हे काम माझ्या भावाचं आहे, तपासणी दुसऱ्या कोणाकडे द्या. साहेब हसले. "मागे तुम्ही त्याचं काय केलंत ते अख्ख्या खात्याला माहीत आहे," ते म्हणाले. "तुमच्यापेक्षा तटस्थ माणूस मी कुठून पैदा करू?"

मागे मी काय केलं होतं? काहीच नाही, माझं काम केलं होतं. त्याने टाकलेल्या एका लाइनचे सांधे गळत होते, आणि मी त्याला ती पहिल्यापासून शेवटपर्यंत उकरायला लावली. दुसऱ्या कोणाला लावलीच असती ना? मग भावाला का नाही? पण दादाला ते झोंबलं. तेव्हापासून त्याने माझ्याशी अबोला धरला. मी आईकडे गेले की तो मागच्या दाराने सटकायचा. माझी मुलगी मामाला फोन लावायची, तो उचलायचा नाही. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. रात्री नवऱ्याजवळ मी दादाला चांगली शेलकी विशेषणं लावायचे आणि मग माझेच डोळे भरून यायचे.

काम सुरू झालं. आमचा नियम असा की पाइप बसवल्यावर चर उघडाच ठेवायचा, मी येऊन बघायचा, मग माती लोटायची. दादाच्या माणसांनी वरचा तुकडा दाखवला. हमरस्त्याकडचा खालचा तुकडाही दाखवला. उतार बरोबर, सांधे एकदम चोख. मी मनात म्हटलं, उकरायला लावल्याचा गुण आला म्हणायचा. मधल्या तुकड्याच्या वेळी मात्र मी पोहोचले तो चर बुजवलेला आणि वरून रोलर फिरवलेला. शाळेची वाट अडते म्हणून सुट्टीच्या दिवशीच उरकलं, असं त्याच्या माणसाने सांगितलं. दादा स्वतः समोर आलाच नाही.

खडक नेमका त्या मधल्या तुकड्यातच होता. "ठीक आहे," मी म्हटलं. "मग रंग सोडून बघू."

रंगाची चाचणी सोपी असते. वरच्या चेंबरमध्ये रंगीत पाणी ओतायचं आणि खाली शेवटच्या चेंबरपाशी उभं राहायचं. लाइन अखंड असेल तर थोड्या वेळाने तोच रंग खाली येतो. पण यात एक मेख आहे. सगळी कंत्राटदार मंडळी हिरवा रंग वापरायची, आणि एकदा एकाने मध्येच दुसरा माणूस हिरवी बादली घेऊन बसवला होता. वरचा रंग गेला कुठल्या कुठे आणि खाली आला तो बादलीतला. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला. कोणता रंग ते मी ठरवणार, पूड मी घरी भिजवणार, आणि काळ्या पिशवीतली बाटली माझा मुकादम वरच्या चेंबरपाशी उभा राहीपर्यंत कोणी उघडणार नाही. मुकादमालाही झाकण काढल्यावरच कळायचं. रंगच माहीत नसेल तर खाली बादली घेऊन बसणार तरी कोण? या युक्तीचा मला अभिमान होता. माझ्याआधी ती कोणी वापरली नव्हती.

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. "दादा येतोय तुझ्याकडे संध्याकाळी," ती म्हणाली. "आपणहून म्हणाला, चिमीकडे जाऊन येतो. तोंड पाडून बसू नकोस. आणि कामाचा विषय काढू नकोस, तुला हात जोडते."

मी ऑफिसातून लवकर निघाले. घर आवरलं. नवऱ्याला दहा वेळा सांगितलं की टोमणे मारायचे नाहीत. मुलीने मामासाठी चित्र काढलं, त्यात मामाला मिशा फारच मोठ्या निघाल्या. दादा आला तो दारातच अवघडून उभा राहिला, चप्पल काढू की नको असा. "ये ना," मी म्हटलं. त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली. लहानपणी मारायचा तशीच, जरा जोरात.

फार छान गेली ती संध्याकाळ. दादाने मुलीला खांद्यावर घेतलं, नवऱ्याशी पत्ते खेळताना लबाडी केली आणि पकडला गेला. जेवायला बसल्यावर दोनदा मागून घेतलं. कामाबद्दल अवाक्षरही निघालं नाही, त्याच्याकडून नाही की माझ्याकडून नाही. जेवण झाल्यावर तो स्वतःचं ताट घेऊन उठला. मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, "आयतं खाऊन वर ताटही तूच घासायचं का?" आणि स्वयंपाकघरात जाऊन ताट घासूनच आला. आमच्या घरात त्याने कधी इकडची काडी तिकडे केली नव्हती. मी नवऱ्याकडे बघून भुवया उडवल्या. माझा भाऊ सुधारला, असं मला त्या भुवयांतून सांगायचं होतं.

जाताना तो दारात म्हणाला, "चिमे, मी उगाचच ताणलं गं." मी त्याला मिठी मारली आणि रडले. आता आठवलं की लाज नाही वाटत, राग येतो.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने वरच्या चेंबरमध्ये बाटली रिकामी केली आणि मला फोन केला, "मॅडम, सोडला. जांभळा आहे बघा." वरून पाणी सोडणं चालू होतं. मी हमरस्त्यावर शेवटच्या चेंबरच्या कडेला वाकून उभी होते. बिल्डर शेजारी घाम पुसत होता. दादा रस्त्यापलीकडे लांब उभा होता, आणि मला त्याचंही कौतुक वाटलं, की बहिणीवर दडपण नको म्हणून लांब राहिलाय. त्या उतारावर जेवढा वेळ लागायला हवा होता तेवढा लागला आणि जांभळं पाणी आलं. चांगलं दाट, माझ्याच पुडीसारखं. शाळेच्या भिंतीआड त्यांचा एक टँकर उभा होता. धूळ बसवायला पाणी मारतायत असं मला सांगितलं, आणि मी म्हटलं, वा, शाळेतल्या मुलांचा विचार करणारा बिल्डर मी पहिल्यांदाच बघतेय.

मी मंजुरी दिली. टेकाडावर पाणी गेलं. लोक राहायला आले, गॅलऱ्यांत कपडे वाळायला लागले.

त्यानंतर आई बदलली. एरवी दिवसाआड फोन करून माझं डोकं खाणारी बाई, तिचा फोनच येईना. मी केला की "सगळं बरं आहे" म्हणून ठेवून द्यायची. सकाळी येते म्हटलं की सकाळी नको, संध्याकाळी ये. संध्याकाळी गेले की दारातच खुर्च्या टाकून बसायची, आत उकडतं म्हणून. घरातून फिनेलचा वास यायचा. मला वाटलं, म्हातारपण आलं, स्वच्छतेचं वेड लागलं. डॉक्टरला दाखवायला हवं असंसुद्धा मी नवऱ्याला म्हणाले.

एका सकाळी तिच्या औषधाची पट्टी द्यायला मी न सांगता गेले. दार लोटलेलं होतं. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर विटा रचून त्यामागे उभी होती आणि खराट्याने काळं पाणी मागच्या दाराने बाहेर लोटत होती. ते पाणी मोरीच्या जाळीतून बुडबुडत वर येत होतं. त्यात काय काय होतं ते सांगत नाही. तिने कपडे गुडघ्यांपर्यंत खोचले होते. मी तिच्या पायांकडे पाहिलं. बोटांमधली कातडी पांढरी पडून सुटली होती.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"आजच," ती म्हणाली. "शेजाऱ्यांनी काहीतरी टाकलं असेल गटारात. त्यांची सून फार वेंधळी आहे."

विटांवर हिरवट थर चढला होता. एका दिवसात तसा चढत नाही.

मी मुकादमाला फोन केला. ऑफिसच्या कपाटातली कुठलीही पूड घे, टेकाडावर जा आणि वरच्या चेंबरमध्ये ओत, कोणाला सांगू नकोस. मग मी आईच्या मोरीसमोर स्टूल टाकून बसले. आई म्हणत होती, ऊठ, ऑफिसला जा, मी चहा टाकते. मी हललेच नाही. मला वाटत होतं की काही येणार नाही. अगदी मनापासून वाटत होतं, कारण जांभळं पाणी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

जाळीतून हिरवं पाणी आलं. आधी एक रेघ, मग सगळी मोरीच हिरवीगार झाली.

मी आईकडे पाहिलं. तिला आश्चर्य वाटलं नव्हतं. ती फक्त माझ्याकडे बघत होती, दूध उतू गेल्यावर बघायची तशी.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"दादा म्हणाला, थोडे दिवस सोस. मधला तुकडा राहिलाय, खडक फुटत नाही, पाऊसपाणी संपलं की करून देतो. तुला सांगू नको म्हणाला. तुझी नोकरी आहे ना त्याच्यात."

"माझी नोकरी?"

"त्याचंही घर आहे की. त्याचं नाव गेलं तर त्याला पुन्हा काम कोण देईल? तू एकदा उकरायला लावलंस तेव्हा वर्षभर बसून होता तो."

मला ओरडायचं होतं, पण डोक्यात दुसरंच फिरत होतं. मधला तुकडा नाहीच. म्हणजे वरच्या तुकड्यातलं पाणी दादाने मातीखालून वळवून गल्लीच्या लाइनला जोडलंय. मग त्या दिवशी हमरस्त्यावर जांभळं पाणी आलं ते त्या टँकरमधून, खडकाच्या पुढच्या चेंबरात ओतलेलं. पण जांभळाच कसा? तो रंग मी आधी कधीच वापरला नव्हता. बाटली आदल्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरात होती. सिंकच्या वरच्या फळीवर, जिथे ताट घासायला उभं राहिलेल्या माणसाच्या नाकासमोर येईल अशी. काळी पिशवी मी सकाळी निघताना घालायचे.

मी त्या स्टुलावर बसूनच राहिले. हिरवं पाणी माझ्या चपलांना लागलं तरी उठवेना. माझ्या दारात अवघडून उभा राहिलेला भाऊ, मुलीला खांद्यावर घेतलेला भाऊ, "मी उगाचच ताणलं गं" म्हणणारा. केसाने गळा कापला त्याने माझा. आणि मी नवऱ्याकडे बघून भुवया उडवत होते!

"उद्या मी साहेबांना घेऊन येते," मी आईला सांगितलं. "त्यांना हे बघू दे. ती जोडणी बंद करायची, इमारतींना मैला उपसणारे टँकर लावायचे बिल्डरच्या खर्चाने, आणि खडक फोडायचा."

आईने खराटा उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब, मुकादम आणि मी आईच्या घरी गेलो. फरशी कोरडी ठणठणीत होती. विटा गायब. मोरी घासून इतकी लख्ख केलेली की तिच्यात जेवायला बसावं. खिडक्या उघड्या होत्या आणि आई धुतलेले कपडे घालून, केस विंचरून खाटेवर बसली होती. तिने साहेबांना खुर्ची दिली. चहा विचारला.

आम्ही थांबलो. जाळीतून थेंबसुद्धा वर येईना.

"आजी, तुमच्या घरात घाण पाणी येतं ना?" साहेबांनी विचारलं.

"छे हो," आई म्हणाली. "एकदा कधीतरी आलं असेल. हिचं नाक लहानपणापासून तिखट आहे साहेब. हिला कशाचाही वास येतो. आणि भावाचं नाव काढलं की मग तर काय!"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. साहेबांनी पाहिलं, आणि त्या नजरेत इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शंका होती. घरातलं भांडण ऑफिसात आणलंय बाईने, अशी. तोंडात मारल्यासारखी मी उभी होते, आणि मारणारी माझी आई होती.

मुकादम माझ्या कानाशी आला. "मॅडम, गल्लीच्या तोंडाशी, टेकाडाकडच्या चेंबरचं झाकण उघडून बघितलं. सुकं आहे. सकाळच्या वेळी एवढं सुकं? वर पाणीच सोडलं नसेल."

मी साहेबांना म्हटलं, "थोडा वेळ बसा. चहा घ्या. मी आलेच." मुकादमाला तिथेच ठेवलं आणि टेकाड चढायला लागले. कोणाला विचारायची गरज नव्हती. साहेब येणार हे मी आईला सांगितलं होतं आणि आईने ते दादाला सांगितलं होतं.

इमारतींच्या अंगणात लोक रिकाम्या बादल्या घेऊन उभे होते. कोणाच्या तोंडाला पेस्ट, कोणी टॉवेल गुंडाळून आलेला, आणि एक बाई वॉचमनला फैलावर घेत होती की मुलं शाळेत काय तशीच पाठवायची का? नळ पहाटेपासून कोरडे होते. टाकी धुवायची आहे असं त्यांना सांगितलं होतं. पंपाच्या खोलीचं दार ढकललं तर दादा आत स्टुलावर बसलेला, पाठीमागे वॉल्वचं चाक.

"चिमे, एवढं चढून कशाला आलीस?" तो म्हणाला. "फोन करायचा."

"टाकी धुतोयस?"

"कधीतरी धुवायला नको?"

"पाइप टाकणारा माणूस टाक्या कधीपासून धुवायला लागला?" मी म्हटलं. "ऊठ. वॉल्व उघडायचाय."

तो उठला नाही. "आता उघडलास तर सगळे एकदम वापरतील. सगळं आईच्या घरात जाईल."

"गेल्याशिवाय साहेबांना दिसणार नाही."

"आईला विचारून केलंय मी," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला. "खडकाने मशिनं मोडली माझी. बिल्डर म्हणाला, जमत नसेल तर नीघ. मी आईला आधीच सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, माझं काय, मी पुसून काढीन. तुला काय वाटतं, मी तिला फसवलं?"

म्हणजे आईला सुरुवातीपासून माहीत होतं. दादाने जोडणी करायच्या आधीपासून. त्या घरात फसवली गेलेली मी एकटीच होते.

"आईला बाटलीचं माहीत होतं?" मी विचारलं.

त्याने मान खाली घातली. "नाही. तुझी शपथ. तिला वाटलं, आपलं मिटलं."

"तू ज्या संध्याकाळी आलास," मी म्हटलं, "ती बाटली बघायलाच आला होतास?"

बाहेर बादल्यांचा आवाज येत होता. दादाने हाताने तोंड पुसलं. त्याने नाही म्हणावं, भेटायलाच आलो होतो आणि बाटली सहज दिसली म्हणावं, असं मला वाटत होतं. मी ते मानलं असतं. खोटं आहे हे कळूनसुद्धा मानलं असतं.

"बाटलीसाठीच आलो होतो," तो म्हणाला. "पण जेवलो ते खरं."

मी त्याच्या खांद्यावरून हात घालून चाक धरलं. त्याने अडवलं नाही, पण सरकलाही नाही. मला त्याच्या अंगाला चिकटूनच ते फिरवावं लागलं. चाक जड होतं. खाली माझी आई धुतलेले कपडे घालून बसली होती हे मला माहीत होतं, आणि मी ते पूर्ण फिरवलं.

पाइपांत घरघर झाली. वरच्या मजल्यांवरून कोणीतरी "आलं, आलं!" ओरडलं आणि अंगण रिकामं झालं. तीन इमारतींची थांबून राहिलेली सकाळ एकदम सुटली. आंघोळी, संडास, भांडी, सगळं एकाच वेळी. आम्ही दोघं पंपाच्या खोलीत उभे होतो आणि एकमेकांकडे बघत नव्हतो.

फोन वाजला. मुकादम होता, आणि त्याला हळू बोलता येतच नाही. "मॅडम, आलं! मोरीतून आलं, संडासातूनही आलं. साहेब खुर्चीवर चढून उभे आहेत. कामबंदीचा हुकूम आजच काढतो म्हणतात."

"आणि आई?"

"आजी खाटेवर पाय वर घेऊन बसल्यात." तो अडखळला.

"बोल ना."

"साहेबांना सांगतायत, हे माझ्या लेकीने वरून सोडलंय. माझ्या मुलाने काही केलं नाही."

दादाला ते ऐकू गेलं. तो दारापर्यंत आला, खाली गल्लीकडे बघितलं आणि तिथेच थांबला. "तू जातेस ना तिच्याकडे?" तो म्हणाला. "मी आत्ता गेलो तर साहेब मलाच धरतील."

मी एकटीच उतरले. गल्लीत लोक नाकाला रुमाल लावून दारांत उभे होते. साहेब आणि मुकादम बाहेर येऊन फोनवर माणसं बोलावत होते. साहेब मला काहीतरी चांगलं बोलले, मी ऐकलं नाही. आत घोटाभर पाणी होतं. आईची विंचरलेली वेणी सुटली होती आणि ती खाटेच्या कडेवरून वाकून औषधाची तरंगती पट्टी पकडायचा प्रयत्न करत होती.

तिने मान वर करून आधी माझ्याकडे नाही, माझ्या मागे, दाराकडे पाहिलं.

"दादा नाही आला?"

मी कोपऱ्यातला खराटा घेतला. "येतोय," मी म्हटलं, आणि पाणी बाहेर लोटायला लागले.